घर बदलताना लिखाण कुठे ठेवायचं?

प्रश्न: मी कादंबरी लिहिते आणि मधूनमधून अनुवाद करते. बरोबर एका महिन्यानं घर सोडायचं आहे. पुस्तकं अंदाजे ९००, पंधरा वर्षांच्या वह्या, सुट्या कागदांची तीन बाडं आणि वडिलांचा टाइपरायटर. नव्या घरी गेल्यावर बाराव्या दिवशी कादंबरीचा खर्डा प्रकाशकांना द्यायचा आहे. ७० पानं बाकी आहेत. एरवी माझी रोज दोन-अडीच पानं होतात. गेला आठवडाभर मात्र एक ओळ झालेली नाही. सकाळी आवरायला घेते, एखादी जुनी वही हाती लागते आणि दुपार होते. आधी कादंबरी संपवून मग बांधाबांध करू, की आधी बांधाबांध? जुने खर्डे टाकून द्यावेत का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आधी हे की आधी ते, यातलं काहीच नको. दोन्ही रोज चालू द्या, फक्त त्यांच्या वेळा बदला. सध्या तुमची सकाळ आवरण्यात जाते आणि अडचण नेमकी तिथेच आहे. घर आवरणं म्हणजे दोन निरनिराळी कामं. एक, ठरवण्याचं: हे ठेवायचं, हे कुणाला द्यायचं, हे रद्दीत. दुसरं, भरण्याचं: ठरलेली वस्तू खोक्यात घालून चिकटपट्टी मारायची. भरण्यानं हात दुखतात, ठरवण्यानं डोकं दमतं. आणि दमतं ते तेच डोकं, ज्यानं तुम्ही पुढचा प्रसंग कुठे तोडायचा हे ठरवता. सकाळी चाळीस पुस्तकांबद्दल 'हे न्यायचं का' असं स्वतःला विचारून झाल्यावर दुपारी टेबलाशी बसून काही सुचत नसेल, तर त्याला आळस म्हणू नका.

म्हणून सकाळचे पहिले तीन तास कादंबरीचे. त्या वेळात कपाटाचं दारही उघडायचं नाही. भरण्याचं काम संध्याकाळी, एक तास, घड्याळ लावून. ठरवण्याचं काम आठवड्यातून एकदाच, एका ठरावीक दिवशी, आणि त्या दिवशी लिखाणाची अपेक्षाच ठेवायची नाही. मनात अपराधी भाव नसला की तो दिवस बराच उरकतो.

आता मुदतीचा हिशेब, कारण तो केल्याशिवाय बाकीच्या सल्ल्याला अर्थ नाही. महिना आणि वर १२ दिवस, म्हणजे ४२ दिवस हातात आहेत असं वाटतं. त्यातले घर सोडण्याआधीचे पाच, सामान हलवण्याचा एक आणि नंतरचे पाच असे ११ दिवस काढून टाका. त्या दिवसांत कुणाचंही लिखाण होत नाही. उरले ३१. त्यातल्या बांधाबांधीच्या जोराच्या दोन आठवड्यांत तुमचा वेग निम्म्यावर येईल, म्हणजे आणखी सात दिवस गेले. भरीव दिवस २४. दिवसाला सव्वादोन पानं धरली तर ५४ पानं. १६ पानं कमी पडतात, आणि पुनर्वाचन अजून धरलेलंच नाही. आठवड्यातला तो ठरवण्याचा दिवस वजा केला तर आणखी कमी.

तेव्हा मुदत वाढवून मागा, आणि ती आजच मागा. मुदतीच्या चार दिवस आधी आलेली विनंती संपादकाला जड जाते. सहा आठवडे आधी आलेली विनंती त्याच्या वेळापत्रकात सहज बसते, कारण मुद्रितशोधक आणि मुखपृष्ठकार यांच्या तारखा तोवर पक्क्या झालेल्या नसतात. पत्र तीन ओळींचं असू द्या. पहिल्या ओळीत घर बदलत असल्याचं. दुसरीत नवी तारीख, तीन आठवड्यांनंतरची, नेमकी; 'थोडा वेळ' असं नको. तिसरीत मूळ तारखेला तुम्ही काय देणार ते, उदाहरणार्थ 'पहिली बारा प्रकरणं तपासून ठरल्या दिवशी पाठवते'. संपादकाला काम सुरू करता येतं, तुम्हालाही अर्धं ओझं उतरल्यासारखं होतं. माफीचा परिच्छेद लिहू नका. तो वाचायला कुणालाच आवडत नाही.

पुस्तकांकडे वळू. ९०० पुस्तकं ऐकायला डोंगर वाटतो, पण मोजून पाहिलं तर आवाक्यातलं काम आहे. साध्या बांधणीचं पुस्तक २५० ते ३५० ग्रॅम, पुठ्ठा बांधणीचं ६०० ग्रॅमपासून किलोपर्यंत, जाडजूड शब्दकोश दीड-दोन किलो. सरासरी ३५० ग्रॅम धरली तर सगळी मिळून साधारण ३१५ किलो. एका खोक्यात १३-१४ किलो भरलं तर २३-२४ खोकी. निवड आधी झालेली असेल तर एक खोकं भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. म्हणजे एकूण दहा तास, म्हणजे दहा संध्याकाळी.

मोठी खोकी घेण्याचा मोह आवरा. पुस्तकांचं खोकं १४ इंच लांब, १० रुंद, १० उंच एवढंच हवं. ते गच्च भरलं की पंधरा किलोच्या आसपास जातं आणि एका माणसाला कंबर न दुखवता उचलता येतं. १८ इंची चौकोनी खोकं पुस्तकांनी भरलं तर पन्नास किलोच्या वर जातं आणि जिन्यात तळ सोडतं. पुठ्ठा पाच पदरी घ्या. तीन पदरी पुठ्ठ्याचं खोकं चादरी-पडद्यांना ठीक, पुस्तकांना नाही. तळाच्या जोडावर दोन इंची चिकटपट्टीचे दोन पट्टे उभे आणि दोन्ही टोकांच्या कडांवर एकेक आडवा मारा. नुसता मधला एक पट्टा मारला की वजन त्या एका रेषेवर येतं आणि पट्टी सुटते. खोकी फुटतात ती बहुधा अशीच.

भरताना पुस्तकं फळीवर असतात तशी उभी ठेवा, किंवा आडवी एकावर एक. कणा खाली करून ठेवलं तरी चालेल. कणा वर आणि पानांची मोकळी कड खाली, असं मात्र कधीही ठेवू नका: पानांचा सगळा भार लोंबकळून बांधणीला ओढतो आणि पुठ्ठ्याच्या आतला सांधा फाटतो. जुन्या, शिवण ढिली झालेल्या पुस्तकांची अशी एका प्रवासात वाट लागते. मोठ्या आकाराची पुस्तकं आडवी, सगळ्यांत तळाशी. वर उरलेल्या फटीत चुरगळलेला कोरा कागद कोंबा, कारण अर्धवट रिकामं खोकं दुसऱ्या खोक्याखाली चेपतं. वर्तमानपत्राचा कागद पुस्तकांना थेट लावू नका, शाई उतरते. एकावर एक चारपेक्षा जास्त रचू नका.

फळी रिकामी करण्याआधी तिचा फोटो काढा. नंतर एका फळीची पुस्तकं डावीकडून उजवीकडे त्याच क्रमानं भरा आणि खोक्याला क्रमांक द्या. क्रमांक वरच्या झाकणावर नको, दोन लगतच्या बाजूंवर लिहा. रचल्यावर झाकण दिसतच नाही. एका वहीत 'खोकं ७: दुसऱ्या कपाटाची तिसरी फळी, शब्दकोश' एवढी नोंद पुरते. क्रमांकाचा खरा उपयोग नव्या घरी खोकी उतरवून घेताना होतो: २४ निघाली आणि २३ आली, हे गाडी दारात असतानाच कळतं.

निवड कशी करायची, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ठरवण्याच्या दिवशी हा प्रश्न येणारच. वाचलं की नाही, आवडलं की नाही, या कसोट्या फसव्या असतात. त्यापेक्षा असं विचारा: हे पुस्तक आज नसतं तर मी ते पुन्हा मिळवायला धडपडले असते का? 'हो' आलं तर घ्या. 'कदाचित'ची वेगळी रास करा, आणि ती दोन खोक्यांपेक्षा मोठी होऊ देऊ नका. चालू कादंबरीला लागणारी आणि हातातल्या अनुवादाची पुस्तकं या चाळणीतून आधीच बाजूला काढा. त्यांचं पुढे सांगतो.

भरण्याआधी प्रत्येक पुस्तक दोन्ही हातांत धरून झटकायचं आणि कण्याच्या आतल्या बाजूला नजर टाकायची. बारीक गोल भोकं आणि पिठासारखी भुकटी दिसली तर कीड आहे. अशी मोजकीच पुस्तकं असतील तर प्रत्येक पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर हवेतली वाफ थंड कागदावर बसून पानं ओली होतात. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी. ते पुस्तक नव्या घरी नेऊच नका, आणि शेजारची पाच-सहा पुस्तकंही पान न् पान बघून घ्या. डांबराच्या गोळ्या खोक्यात टाकल्या तर त्या कागदाला लागू देऊ नका. आणि दमट हवेत पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून महिनोन्महिने ठेवू नका. आत अडकलेल्या ओलीनं बुरशी धरते.

आता वह्या. तुमचे दिवस इथे गळतात, म्हणून नियम कडक: बांधाबांधीच्या काळात वही उघडायची नाही. पाठीवर वर्ष लिहिलेलं नसेल तर फक्त पहिलं पान बघून पेन्सिलीनं वर्ष टाकायचं आणि बंद. पंधरा वर्षांच्या वह्यांमधून काय ठेवायचं, हे एका महिन्यात ठरवता येत नाही, आणि ठरवायची गरजही नाही. त्या सगळ्या मिळून दोन-तीन खोकी होतील. तेवढी जागा त्यांना द्या आणि प्रश्न पुढच्या वर्षावर ढकला.

अपवाद एकच: चालू कादंबरीची टिपणं ज्यात आहेत त्या वह्या. त्यांचे फोटो काढून ठेवा. २०० पानी वहीची १०० जोडपानं पंधरा-वीस मिनिटांत होतात. खिडकीपाशी, उजेड बाजूनं येईल असं बसा. डोक्यावरच्या दिव्याखाली स्वतःच्याच हाताची सावली पडते. फोन वहीला समांतर धरा आणि मधल्या घडीत शिरलेले शब्द दिसतायत का, हे पहिल्या पाच पानांतच तपासा. शंभर फोटो काढून झाल्यावर ते अस्पष्ट असल्याचं कळलं तर पुन्हा बसायची इच्छा होत नाही. शाईपेनाची आणि काही जेल पेनांची अक्षरं पाण्यानं फुटतात, बॉलपेनची बहुतेक टिकतात. त्यामुळे वेळ कमी असेल तर आधी शाईपेनानं लिहिलेली वही घ्या.

सुट्या कागदांच्या बाडांना हलवण्याआधी पानांक घाला. कोपऱ्यात पेन्सिलीनं, अगदी साधे: क १, क २, क ३. हे काम कंटाळवाणं आहे, पण बाड एकदा जिन्यात सांडलं की क्रम लावायला त्याच्या दसपट वेळ जातो. रबरबँड काढून टाका, ते वितळून कागदाला चिकटतात. टाचण्या गंजतात. दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून सुती फितीनं बांधा. चिकटचिठ्ठ्यांवरचा मजकूर त्याच पानाच्या समासात उतरवून चिठ्ठी काढा. प्रवासात निम्म्या चिठ्ठ्या गळतात आणि गळलेली चिठ्ठी कुठल्या पानाची होती ते सांगता येत नाही.

जुने खर्डे टाकावेत का? काही टाका. छापून झालेल्या पुस्तकाचा पहिला पूर्ण खर्डा, संपादकाच्या हातच्या खुणा असलेली प्रत आणि शेवटची प्रत, एवढ्या तीन ठेवा. मधल्या छापील प्रती रद्दीत गेल्या तरी बिघडत नाही, मात्र त्यांची फाइल संगणकावर उघडते याची खात्री करूनच. न छापलेल्या लिखाणातलं काहीही या महिन्यात टाकू नका. दमलेला माणूस स्वतःच्या लिखाणाचा वाईट परीक्षक असतो. दुसऱ्या लेखकांची अप्रकाशित हस्तलिखितं अनुवादासाठी तुमच्याकडे आली असतील, तर ती परत करा किंवा फाडून टाका, अख्खी रद्दीत देऊ नका. करारपत्रं, मानधनाची आणि स्वामित्वधनाची विवरणपत्रं, संपादकांची पत्रं एका फाइलमध्ये, आणि ती फाइल सामानाच्या गाडीत चढवायची नाही.

'फाइल उघडते याची खात्री' हे सहज म्हणून लिहिलेलं नाही. तुमचे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे अनुवाद श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर ते ज्या संगणकावर तो फॉन्ट आहे तिथेच वाचता येतात. घर बदलताना लोक हटकून जुना संगणक काढून टाकतात आणि मग फाइलमध्ये मराठीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उरतो. म्हणून जुना संगणक द्यायच्या आधी त्यावरची प्रत्येक फाइल पीडीएफ करून ठेवा, म्हणजे निदान डोळ्यांनी वाचता येईल, आणि महत्त्वाच्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठी दिसेल अशा रूपात, बदलून घ्या. बदलल्यावर जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी तपासा. घोळ मुख्यतः तिथेच होतो.

चालू खर्ड्याच्या प्रती तीन हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. लॅपटॉपवर एक, पेनड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर एक, आणि ऑनलाइन साठ्यात किंवा विश्वासू मैत्रिणीकडे ईमेलनं एक. आपोआप जुळवून घेणारा ऑनलाइन साठा म्हणजे राखीव प्रत, असं धरून चालू नका: इकडे फाइल चुकून पुसली की तिकडचीही पुसली जाते. आठवड्यातून एकदा तारीख घातलेली वेगळी प्रत करा. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल तर ती पूर्ण बंद करून, मऊ कापडात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत न्या. धक्क्यानं ती बिघडते, आणि बिघडल्याचं महिन्याभरानं कळतं.

टेबल सुटं करण्याच्या आदल्या दिवशी एक कागद लिहा, कादंबरीसाठी. मी कुठे थांबले, पुढचा प्रसंग कुणाचा, काय अजून ठरलेलं नाही, कुठली दोन नावं अजून बदलायची आहेत, कुठल्या प्रकरणात तारखा जुळत नाहीत. एक पान पुरे. दहा दिवसांच्या खंडानंतर स्वतःचाच खर्डा परका वाटतो आणि आत शिरण्यासाठी पहिल्यापासून वाचत बसावं लागतं. या एका पानानं ते दोन दिवस वाचतात. शक्य असेल तर थांबाल तिथे पुढच्या परिच्छेदाची पहिली दोन वाक्यं कच्ची लिहून ठेवा.

त्याच दिवशी लिखाणाची पिशवी भरा. लॅपटॉप, चार्जर, एक्स्टेंशन बोर्ड, टेबललॅम्प, चालू वही, दोन पेनं, वर बाजूला काढलेली पाच-सहा पुस्तकं, करारांची फाइल आणि तो कागद. ही पिशवी तुमच्या खांद्यावर राहील. शाईपेनं रिकामी करून, निब वर करून ठेवा. शाईची बाटली झिपच्या पिशवीत, उभी.

टेबल पार्टिकल बोर्डाचं, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं असेल तर ते सुटं करायचं की अख्खं न्यायचं, याचा नीट विचार करा. या बोर्डात स्क्रू दोन-तीनदा काढून बसवले की भोक भुसभुशीत होतं आणि पाय डगमगतो. आधी दोन्ही घरांच्या दारांची रुंदी आणि जिन्याचं वळण मोजा. अख्खं जात असेल तर अख्खंच न्या. सुटं करावंच लागलं तर प्रत्येक जोडाचा फोटो काढा आणि सगळे स्क्रू एका पिशवीत घालून ती टेबलाच्या फळीलाच खालून चिकटवा. वेगळ्या डब्यात ठेवलेले स्क्रू हमखास हरवतात. भोक सैल झालं असेल तर लाकडाच्या गोंदात बुडवलेली टूथपिक आत घाला, एक दिवस वाळू द्या, मग स्क्रू पिळा.

नव्या घरात पहिल्या दिवशी टेबल, खुर्ची, दिवा आणि वीज, एवढंच लावा. पुस्तकांची खोकी तशीच राहू द्या. ती उघडण्याचा मोह खर्डा जाईपर्यंत टाळता आला तर उत्तम, कारण लावालावी म्हणजे पुन्हा ठरवण्याचंच काम. इंटरनेटची जोडणी हलवण्याचा अर्ज दोन आठवडे आधी करा आणि तरीही पहिले काही दिवस फोनच्या नेटवर भागवण्याची तयारी ठेवा. कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, दोन इंचांची फट सोडा. ओल तिथूनच येते. पुस्तकांचं वजन फळीच्या प्रत्येक मीटरला तीस-पस्तीस किलो भरतं. १८ मिलिमीटर प्लायची फळी असेल तर दोन आधारांमधलं अंतर ७५-८० सेंटिमीटरच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर वर्षभरात ती मधून वाकते. उंच कपाट भिंतीला अडकवून घ्या.

पत्ता कळवायच्या यादीत प्रकाशक आणि बँक सगळ्यांना आठवतात. राहून जातात ती मासिकं: वर्गणीचे अंक, तुमचा लेख छापून आल्यावरची लेखकाची प्रत आणि मानधनाचं पत्र. गेल्या दोन वर्षांत जिथे जिथे लिहिलं त्या सगळ्यांना एकच मजकूर पाठवा, नवा पत्ता कोणत्या तारखेपासून तेही लिहा.

वडिलांच्या टाइपरायटरबद्दल. कॅरेज, म्हणजे कागद धरून डावी-उजवीकडे सरकणारा वरचा भाग, मोकळी राहिली तर प्रवासात ती आदळत राहते आणि आतली पट्टी तुटते. कॅरेज मधोमध आणा. कुलपाची कळ असेल तर ती लावा, नसेल तर समासाचे दोन्ही खटके सरकवून मध्यभागी, कॅरेजच्या अगदी लगत आणा, म्हणजे ती हलणार नाही. शाईच्या फितीचं रीळ काढून वेगळ्या पिशवीत ठेवा, नाहीतर शाई सगळीकडे लागते. अक्षरांच्या दांड्यांवर मऊ कापडाची घडी ठेवून वरचं झाकण लावा. खोक्याच्या तळाशी दोन इंच जाडीचा फोम, चारही बाजूंना तेवढाच, आणि वर दुसरं काहीही रचायचं नाही. यंत्र आडवं किंवा उलटं होता कामा नये. खोक्यावर चारही बाजूंनी वरच्या दिशेचा बाण काढा आणि शक्यतो ते स्वतःबरोबर, सीटच्या पायाशी ठेवून न्या.